पहिला पाहुणा जेवूनच जातो: बेसबॉलचे समालोचन शिळे का होते?

दिठी

माझे वडील दर उन्हाळ्यात साताऱ्याहून आमच्याकडे अमेरिकेत येतात आणि सप्टेंबर संपेपर्यंत राहतात. पहिल्या वर्षी त्यांना बेसबॉल म्हणजे कोणीतरी घाईत आठवून आठवून मांडलेले क्रिकेट वाटले होते. तिसऱ्या वर्षी मात्र ते संध्याकाळी सातच्या ठोक्याला चष्मा पुसून टीव्हीसमोर बसू लागले. त्यांचे इंग्रजी कामापुरतेच आहे. तरीही या जूनमधल्या एका मंगळवारी आमच्या पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, डावाच्या पहिल्याच बॅटरला चार बॉल, म्हणजे फटक्याच्या टापूबाहेरचे चेंडू, टाकून फुकट पहिला बेस दिला, तेव्हा समालोचकांनी तोंड उघडण्यापूर्वीच बाबा म्हणाले, "पहिला पाहुणा फुकट घरात घेतला, की तो जेवूनच जातो." पाठोपाठ समालोचकांचे वाक्य आले, की डावाच्या सुरुवातीला दिलेला वॉक, म्हणजे असा फुकटचा बेस, नेहमी धाव होऊन परत येतो. बाबांना ते इंग्रजी एकाएकी उमगले होते, असे मुळीच नाही. तेच वाक्य त्याच सुरात त्यांनी इतक्या वेळा ऐकले होते, की एखाद्या मंत्रासारखे ते शब्द न कळताच पाठ झाले होते.

त्या दिवसापासून मी फ्रीजवरच्या कॅलेंडरवर रेघा मारू लागले. तीन आठवड्यांत आमच्या पिचरांनी अकरा वेळा डावाच्या पहिल्या बॅटरला वॉक दिला. अकराही वेळा ते वाक्य आले. धाव चार वेळा आली. उरलेल्या सात वेळी पाहुणा उपाशीच परत गेला, पण त्याबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही.

आमच्या संघाचे आणि या समालोचकांचे नाव मी मुद्दाम घेत नाही. त्यांचा आवाज चांगला आहे, माणूस सभ्य आहे आणि असा एखादा समालोचक बहुतेक प्रत्येक संघाकडे असतो, अशी माझी खात्री होत चालली आहे. माझी तक्रार एवढीच, की ते समोरचा सामना पाहत नाहीत. ते केव्हातरी पाहिलेला एक सामना पुन्हा पुन्हा सांगतात. ज्याने अप्रतिम झेल घेतला तोच पुढच्या डावात पहिला बॅटर म्हणून येतो, हे दुसरे वाक्य. आमच्या काळी पिचर नऊ डाव टाकत असत, हे तिसरे. अठरा वर्षांपूर्वी मी या देशात आले, तेव्हा हा खेळ मला याच आवाजाने शिकवला, म्हणून हे लिहिताना थोडे अपराधीही वाटते. आवाज शिळा होतो म्हणजे नेमके काय होते आणि तो न होऊ देणारे कोणी तुम्ही ऐकले आहे का, हे मला विचारायचे आहे.

जुना श्रोता

दिठीताई, मी १९७९ साली लॉस एंजेलिसला आलो आणि विन स्कली यांचे समालोचन २०१६ पर्यंत ऐकले, त्यामुळे माझे मत निःपक्षपाती नाही, हे आधीच सांगून टाकतो. डॉजर्स संघ ब्रुकलिनमध्ये होता तेव्हा, म्हणजे १९५० साली, स्कली यांनी सुरुवात केली. १९५८ साली संघाबरोबर ते इकडे आले आणि वयाच्या ८८व्या वर्षी, ६७ हंगाम पुरे करून त्यांनी मायक्रोफोन खाली ठेवला. काळ लोटला म्हणून माणूस शिळा होत असता, तर त्यांच्याइतका शिळा दुसरा कोणी निघाला नसता.

त्यांच्या शेवटच्या वर्षांतली एक आठवण सांगतो. सॅन फ्रान्सिस्कोचा पिचर मॅडिसन बमगार्नर डॉजर्सविरुद्ध खेळत होता. बमगार्नर आणि त्याची पत्नी यांना एकदा एक मोठा साप दिसला, त्याने तो मारला आणि सापाच्या पोटातून सशाची पिल्ले निघाली, ही गोष्ट स्कली सांगू लागले. एक वाक्य साप, मग चेंडू, मग स्ट्राइक (टापूतला चेंडू) की बॉल, मग पुन्हा साप, असे ते चालले होते. पिल्लू जिवंत निघाले की नाही, हे ऐकायला आमच्या घरातला माझा मुलगा हातातला घास तसाच धरून बसला होता. पण त्या साऱ्या गोष्टीत एकही चेंडू निसटला नाही, एकाही स्ट्राइकची नोंद चुकली नाही. गोष्ट खेळाच्या फटीत बसवलेली होती, खेळाच्या अंगावर टाकलेली नव्हती. पिल्लू जगले, त्या जोडप्याने त्याला दूध पाजून वाढवले, हेही इथेच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही झोपणार नाही.

दुसरी गोष्ट गप्प बसण्याची. ८ एप्रिल १९७४ रोजी अटलांटात हँक ॲरनने ७१५वा होम रन मारून बेब रूथचा विक्रम मोडला, तेव्हा समोर डॉजर्सचा संघ होता आणि स्कली वर्णन करत होते. चेंडू कुंपणापलीकडे गेल्याचे सांगून ते थांबले आणि बराच वेळ फक्त जमावाचा आवाज ऐकू दिला; नंतर बोलले ते दक्षिणेतल्या एका शहरात एका कृष्णवर्णीय माणसासाठी सारे प्रेक्षक उभे राहिले आहेत, याविषयी. १९८८ च्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे हंगामाच्या अंतिम लढतीच्या, पहिल्या सामन्यात लंगडणाऱ्या कर्क गिब्सनने शेवटच्या क्षणी होम रन मारला, तेव्हाही ते एक मिनिटाहून अधिक काळ मौन राहिले होते. स्थानिक प्रक्षेपणात ते बहुधा एकटेच बसत, शेजारी विश्लेषक नसे, त्यामुळे ते आम्हा ऐकणाऱ्यांशी बोलत. आज खोलीतली दोन-तीन माणसे आपापसांत बोलतात आणि आपण दाराबाहेर उभे राहून ऐकतो.

मात्र एक कटू गोष्टही नोंदवतो. २०१४ साली डॉजर्सची नवी वाहिनी सुरू झाली, केबल कंपन्यांशी तिचे पैशांवरून जमले नाही आणि त्यामुळे शहरातल्या फार मोठ्या भागाला त्यांच्या शेवटच्या तीन हंगामांतले बहुतेक सामने घरी दिसलेच नाहीत. तो तंटा २०२० साली मिटला, तोवर स्कली निवृत्त होऊन साडेतीन वर्षे उलटली होती.

गणिताचा तास

थोडी उलट बाजू मांडू का? हंगामात १६२ सामने असतात. २०२२ पर्यंत नऊ डावांचा सामना सरासरी तीन तासांच्या थोडा वर चालत असे. २०२३ पासून पिचरला बेस रिकामे असताना १५ सेकंद आणि बेसवर कोणी असताना २० सेकंद (२०२४ पासून १८) असे घड्याळ लावल्यावर तो दोन तास चाळीस मिनिटांवर आला. आता गुणाकार करा: जुन्या हिशेबाने एका संघाचा हंगाम जवळजवळ पाचशे तासांचा होतो, नव्या हिशेबाने सव्वाचारशेच्या वर. आपल्यापैकी कोण एप्रिल ते सप्टेंबर, बहुतेक रोज संध्याकाळी, अडीच-तीन तास अनोळखी लोकांसमोर बोलेल आणि एकच गोष्ट दुसऱ्यांदा सांगणार नाही? मी शाळेत बीजगणित शिकवतो आणि एक विनोद गेली बावीस वर्षे दर ऑक्टोबरात करतो. विद्यार्थी बदलतात, हे माझे नशीब. समालोचकाचे विद्यार्थी तेच राहतात.

वॉकच्या वाक्याविषयी मात्र दिठीताईंच्या रेघा बरोबर आहेत. डावाच्या सुरुवातीला पहिल्या बेसवर पोहोचलेला खेळाडू साधारण दहापैकी चार वेळा धाव पूर्ण करतो आणि तो चार बॉलवर पोहोचला की साधा फटका मारून, याने जवळजवळ काही फरक पडत नाही. म्हणजे ते वाक्य चारदा खरे आणि सहादा खोटे ठरते. तरीही ते टिकते, कारण धाव आली की वाक्य आठवते आणि नाही आली की वाक्यच विसरले जाते. त्यात मी समालोचकाला फारसा दोष देत नाही. माझी आजी मांजर आडवे गेल्याचा हिशेब याच पद्धतीने ठेवत असे.

दिठी

गणिताचा तास, तुमचा गुणाकार मान्य आहे आणि मी जरा मऊही झाले. पण पुनरुक्तीविषयी माझी तक्रार नाहीच मुळी. कीर्तनकारही तेच अभंग सांगतो. तक्रार अशी, की सात वेळा धाव आली नाही, हे त्यांच्या लक्षातच आले नाही. समोर जे घडते आहे त्याने त्यांच्या वाक्याला साधा ओरखडाही पडत नाही.

चार्ल्सकाठ

आमच्या बॉस्टनमध्ये या प्रश्नाची दुसरी बाजू आम्ही भोगली आहे, म्हणून लिहितो. डॉन ऑर्सिलो आणि जेरी रेमी ही जोडी २००१ पासून आमच्या रेड सॉक्स संघाचे सामने सांगत असे. रेमी पूर्वी याच संघाचा खेळाडू होता आणि १९८८ पासून समालोचन करत होता. १६ एप्रिल २००७ रोजी फेनवे पार्कमध्ये डावीकडच्या कठड्याजवळ एक फाउल, म्हणजे रेषेबाहेरचा, चेंडू गेला, तो झेलायला धावलेल्या प्रेक्षकाच्या हातून सुटला आणि त्याच क्षणी मागच्या कोणीतरी त्याच्या अंगावर पिझ्झाचा तुकडा भिरकावला. नेमके काय घडले, हे चित्र मागे नेऊन, थांबवून, पुन्हा पुढे नेऊन या दोघांनी एखाद्या पंचनाम्यासारखे तपासले, आणि तपासता तपासता दोघेही इतके हसू लागले, की पुढच्या काही चेंडूंचे वर्णन धापा टाकत झाले. तो सामना कोणी जिंकला, हे मला आठवत नाही. पिझ्झा कोणत्या दिशेने आला, हे मी आजही दाखवू शकतो.

२०१५ च्या ऑगस्टमध्ये बातमी आली, की हंगामानंतर ऑर्सिलो यांचा करार वाढवला जाणार नाही. प्रेक्षक चिडले, सह्यांची मोहीम झाली, पण निर्णय बदलला नाही. ऑर्सिलो सॅन डिएगोला गेले. रेमी २०२१ पर्यंत, आजारपणाशी झगडत, काम करत राहिले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस वारले.

माझा मुद्दा असा, की जे आपल्याला शिळे वाटते ते कित्येकदा दुसऱ्याच्या घरचे ताटवाटी असते. त्या दोघांचे जुने विनोद बाहेरगावच्या माणसाला असह्य वाटत असतील. आम्हाला ते हवे होते. म्हणून "बदला याला" असे म्हणण्यापूर्वी मी आता दहा वेळा विचार करतो. बदलून जे येते ते ताजे असेलच, याची हमी कोण देणार?

यष्टीमागून

चार्ल्सकाठ, जोडी घरची असेल तर तुमचे म्हणणे पटते. माझी चीड आहे ती राष्ट्रीय प्रक्षेपणातल्या माजी खेळाडूंवर, कारण ते कोणाच्याच घरचे नसतात आणि वर्ल्ड सिरीज मात्र त्यांच्याच तोंडून ऐकावी लागते. तरीही ज्या माणसावर मी सर्वांत जास्त वैतागलो, त्याच्याविषयीच आधी एक चांगली गोष्ट सांगितली पाहिजे.

४ नोव्हेंबर २००१, फिनिक्स, वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना. नववा डाव, २-२ अशी बरोबरी, एक बाद, तिन्ही बेसवर ॲरिझोनाचे खेळाडू, पिचर मारियानो रिव्हेरा आणि समोर डावखुरा लुईस गोन्झालेझ. न्यूयॉर्कच्या यँकीजने धाव रोखण्यासाठी आतले क्षेत्ररक्षक पुढे आणून उभे केले होते. समालोचनाला बसलेले माजी खेळाडू टिम मॅकार्व्हर म्हणाले, की यात धोका असा आहे, की रिव्हेरा डावखुऱ्यांना अंगावर येणारा चेंडू टाकतो, त्यावर बॅट मोडते आणि असे मोडके फटके आतल्या रांगेच्या डोक्यावरून थोड्याच अंतरावर पडतात. त्यांचे वाक्य संपते न संपते तोच चेंडू आला, फटका नीट बसलाच नाही, चेंडू पुढे आलेल्या डेरेक जीटरच्या डोक्यावरून मागच्या गवतात अलगद पडला आणि ॲरिझोनाने वर्ल्ड सिरीज जिंकली. समालोचनाच्या इतिहासात याहून चांगला क्षण मला माहीत नाही. हे भविष्य नव्हते. यष्टीमागे, म्हणजे कॅचर म्हणून, दोन दशके बसलेल्या माणसाचे ते पाहणे होते.

आणि हेच मॅकार्व्हर पुढे मला असह्य झाले. १९९६ ते २०१३ ते फॉक्स वाहिनीचे मुख्य विश्लेषक होते. २०१२ साली त्यांना समालोचकांचा सर्वोच्च मानला जाणारा फोर्ड फ्रिक पुरस्कार मिळाला, आणि त्याच काळात माझ्यासारखे कित्येक लोक त्यांचा आवाज आला की ध्वनी बंद करत. माझ्या मते बदलले ते आपल्या हातातले साधन. २००१ साली रिव्हेराच्या चेंडूचा स्वभाव सांगणारा माणूस आपल्याला दुर्मीळ होता. आज पडद्यावर स्ट्राइकचा चौकोन आखलेला असतो, २०१५ पासून स्टॅटकास्ट यंत्रणा प्रत्येक फटक्याचा वेग आणि कोन मोजते आणि तो आकडा चेंडू जमिनीवर पडण्यापूर्वी माझ्या फोनवर असतो. तरीही विश्लेषक मला सांगतो, की चेंडू "बराच जोरात" मारला गेला. चौकोनाबाहेर हातभर पडलेला चेंडू मला दिसतो आहे आणि तो सांगतो, की "किंचित बाहेर असावा". मला जे आधीच माहीत आहे त्याच्याही मागे तो उभा आहे आणि तिथून मला मार्ग दाखवतो आहे.

याचे टोकाचे उदाहरण जो मॉर्गन. ईएसपीएन या क्रीडावाहिनीवर रविवारच्या रात्रीचे सामने त्यांनी १९९० ते २०१० जॉन मिलर यांच्याबरोबर केले. नव्या आकडेवारीवर त्यांचा विश्वास नव्हता आणि ते ती वारंवार झिडकारत. त्यांच्या वाक्यांची चिरफाड करणारा एक विनोदी ब्लॉग २००५ ते २००८ चांगलाच गाजला; तो चालवणाऱ्यांपैकी मायकेल शूर पुढे टीव्ही मालिकांचे नामांकित लेखक म्हणून ओळखले गेले. यातली गंमत अशी, की १९७५ आणि १९७६ साली लागोपाठ सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरलेले मॉर्गन हे त्या नव्या आकडेवारीचे लाडके खेळाडू. भरपूर वॉक मिळवणारा, बेस चोरणारा, बाद न होणारा खेळाडू किती मोलाचा, हे ती आकडेवारी सांगत होती आणि तो खेळाडू स्वतःच मायक्रोफोनवर बसून तिला नाकारत होता. आपल्या घरातल्या सोन्यालाच पितळ म्हणणारा सावकार मी दुसरा पाहिला नाही.

म्हणून शिळेपणाची माझी व्याख्या अशी, की माजी खेळाडूचे ज्ञान त्याने खेळ सोडला त्या तारखेला थांबते, आणि त्यानंतर जे जे बदलले ते त्याला बिघाड वाटू लागते. "आमच्या काळी पिचर नऊ डाव टाकत" हे वाक्य माहिती नाही; ती कुरकुर आहे. आज पिचरला पाचव्या डावात का काढले, कारण तिसऱ्यांदा समोर आलेले बॅटर त्याला जास्त चांगले मारतात, हे समजावून सांगितले तर मी हाच सामना दुप्पट आनंदाने पाहीन.

न्यूयॉर्क मेट्सकडचे तिघे, गॅरी कोहेन, कीथ हर्नांडेझ आणि रॉन डार्लिंग, २००६ पासून एकत्र आहेत. हर्नांडेझ आणि डार्लिंग १९८६ च्या विजेत्या मेट्स संघातले. त्यांनाही जुन्या काळाचे कौतुक आहे, पण आपला संघ गचाळ खेळला तर ते तसे म्हणतात, सामना रटाळ झाला तर हर्नांडेझ उघड सुस्कारे टाकतो, आणि काही समजले नाही तर एकमेकांना विचारतात. म्हणून ते मला अजून चालतात.

दुसरी पाळी

सगळे जण माणसांविषयी बोलत आहेत. मी व्यवस्थेविषयी थोडे लिहितो, कारण एका प्रक्षेपण कंपनीत मी काही वर्षे तांत्रिक बाजूला काम केले आहे.

पहिली गोष्ट, स्थानिक समालोचकाला प्रतिस्पर्धी नसतो. एका संघाचे बहुतेक सामने एकाच प्रादेशिक वाहिनीवर दिसतात आणि समालोचक कोण असावा यात अनेक ठिकाणी संघाचा शब्द चालतो. १९६६ साली न्यूयॉर्कमध्ये काय झाले, ते पाहा. यँकीज त्या वर्षी तळाला गेले होते. २२ सप्टेंबरच्या सामन्याला त्या अवाढव्य स्टेडियममध्ये ४१३ प्रेक्षक होते. रेड बार्बर यांनी कॅमेरा रिकाम्या खुर्च्यांवर फिरवायला सांगितला. कॅमेरा फिरला नाही, तेव्हा आजची बातमी सामना नसून ही गर्दी आहे, असे त्यांनी बोलून दाखवले. थोड्याच दिवसांत त्यांना निरोप मिळाला. स्कली यांना घडवले ते याच बार्बर यांनी. ते शेजारी तीन मिनिटांचे, अंडी उकडताना वापरतात तसले वाळूचे घड्याळ ठेवत आणि वाळू संपली, की धावसंख्या पुन्हा सांगून ते उलटे करत, कारण नुकताच रेडिओ लावलेल्या माणसाला ती माहीत नसते. इतकी ऐकणाऱ्याची काळजी असलेला माणूस जेव्हा डोळ्यांना दिसते ते बोलल्यामुळे जातो, तेव्हा पुढचे लोक काय शिकतील? धोक्याची नसलेली वाक्ये पाठ करतील. वॉकचे वाक्य कोणालाच दुखवत नाही.

दुसरी गोष्ट याहून साधी आणि माझ्या मते जास्त घातक. २०२० च्या साथीत समालोचकांनी बाहेरगावचे सामने आपल्या शहरात बसून, पडद्याकडे पाहून सांगितले. तेव्हा इलाज नव्हता. पण खर्च वाचतो हे लक्षात आल्यावर काही ठिकाणी ती सवय पुढेही राहिली. प्रत्यक्ष मैदानात बसलेल्या समालोचकाला दिसते, की उजवीकडचा क्षेत्ररक्षक चार पावले आत आला आहे, बुलपेनमध्ये, म्हणजे बदली पिचरांच्या जागेत, कोण हात मोकळे करतो आहे, पंच आणि मॅनेजर यांची कशावरून नजरानजर झाली. पडद्यासमोर बसलेल्याला तेवढेच दिसते, जेवढे दिठीताईंच्या बाबांना साताऱ्याहून येऊन सोफ्यावर दिसते. पाहायला नवे काही नसले, की माणूस आठवणीतले बोलतो. त्यात २०१८ नंतर सट्ट्याच्या कंपन्यांच्या जाहिराती आल्या. घड्याळामुळे दोन चेंडूंमधली जागा आधीच आखूड झालेली, तीत भाव वाचून दाखवायचा, प्रायोजकाचे नाव घ्यायचे आणि उरलेल्या सहा सेकंदांत काहीतरी ताजे सुचवायचे. मलाही पाहुणा आणि जेवणच सुचेल.

मूक प्रेक्षक

उपाय विचारला नव्हता, तरी सांगतो. मी टीव्हीचा आवाज बंद करतो आणि त्याच संघाचा रेडिओ लावतो. रेडिओवाल्याला चित्राचा आधार नसल्यामुळे पाहावेच लागते आणि पाहिलेले सांगावेच लागते. अडचण अशी, की टीव्हीचे चित्र रेडिओच्या मागे असते, त्यामुळे पिचर अजून नाक खाजवत असतो आणि कानात होम रन होऊन गेलेला असतो. फोनवर रेडिओ लावून तो नेमका तितके सेकंद थांबवा, मग चालू करा. पहिल्या डावात बॅटचा आवाज आणि चित्र जुळवून घ्या. जाहिरातींनंतर ते पुन्हा सरकते, हेही लक्षात ठेवा.

समालोचकच नको, असा प्रयोगही झाला आहे. २० डिसेंबर १९८० रोजी एनबीसी वाहिनीने मायामीतला जेट्स आणि डॉल्फिन्स यांचा अमेरिकन फुटबॉलचा सामना फक्त मैदानातल्या आवाजावर आणि पडद्यावरच्या अक्षरांवर दाखवला. चर्चा खूप झाली, पण तो प्रयोग रुजला नाही. मीही बेसबॉल तसा पाहून बघितला. चौथ्या डावात मला झोप लागली.

जुना श्रोता

मूक प्रेक्षक यांच्या रेडिओवरून आठवले, की लहानपणी पुण्यात आम्ही बाळ ज. पंडित यांचे मराठी समालोचन ऐकत असू आणि शेजारचे एक गृहस्थ ट्रान्झिस्टर कानाला लावून प्रत्यक्ष मैदानात बसत. समोर दिसत असताना हे कशाला, असे मी विचारले, तर ते म्हणाले, "दिसतंय रे, पण कळायला नको का?" लॉस एंजेलिसच्या कोलिझियममध्ये डॉजर्सचे सुरुवातीचे हंगाम झाले, तेव्हा हजारो लोक मैदानात ट्रान्झिस्टर घेऊन बसत आणि स्कली यांचा आवाज स्टेडियमभर घुमत असे, असे इथले जुने लोक सांगतात. ऐकल्यावर ते गृहस्थच डोळ्यांसमोर आले.

दिठी

सर्वांचे आभार. दुसरी पाळी यांचे पडद्याविषयीचे म्हणणे वाचल्यावर मी या आठवड्यात मुद्दाम लक्ष ठेवले. आमचा संघ बाहेरगावी होता. तिसऱ्या डावात एक उंच फटका गेला आणि समालोचक एकदम ओरडले, मग कॅमेरा वळला तर क्षेत्ररक्षक आपल्या जागेवरून न हलता हात वर करून उभा होता. मैदानात बसलेला माणूस क्षेत्ररक्षकाकडे पाहतो, चेंडूकडे नाही, हे मला याच समालोचकांनी अठरा वर्षांपूर्वी शिकवले होते. त्या रात्री त्यांचा राग यायच्याऐवजी त्यांना कोणीतरी विमानाचे तिकीट काढून द्यावे, असे वाटले.

मग शनिवारी मूक प्रेक्षक यांचा उपाय केला. टीव्ही बंद आवाजात, फोनवर रेडिओ, नऊ सेकंद थांबवून. पहिले पाच डाव फार छान गेले. पिचरने टोपी तीनदा का काढली, आउटफिल्डवर सावली कुठवर आली आहे, असले काय काय ऐकायला मिळाले. बाबा या वर्षी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी लवकर परत गेले आहेत, म्हणून मी त्यांना साताऱ्याला फोन लावून हे सारे सांगत होते. तिकडे सकाळचा चहा चालला होता. सांगता सांगता पिचरने डावाच्या पहिल्या बॅटरला चौथा बॉल टाकला आणि रेडिओवरचे गृहस्थ उत्साहाने म्हणाले, की डावाच्या सुरुवातीचा वॉक नेहमी धाव होऊन परत येतो.

फोनवरून बाबांनी ते ऐकले. "हा दुसरा दिसतोय," ते म्हणाले, "पण जेवायला तोच आलाय." मग त्यांनी विचारले, की बाद किती आणि पुढे कोण आहे, आणि मी सांगेपर्यंत फोन ठेवला नाही. पुढच्या बॅटरने जमिनीलगत मारलेल्या चेंडूवर दोघेही बाद झाले. कॅलेंडरवर बारावी रेघ मारली आहे.